धाराशिवसारख्या जिल्ह्यात छोटीशी 'सिटी कार' घेणं परवडतं का? समजून घ्या पूर्ण गणित

घरात मोटरसायकल आहे. मुलं मोठी झाली, त्यामुळे चौघांना एका गाडीवर बसवणं आता शक्य नाही. पावसाळ्यात आई-वडिलांना दवाखान्यात न्यायचं म्हटलं की शेजारच्यांची चारचाकी मागावी लागते. अशा घरात कधीतरी विषय निघतोच, "मोठी नको, पण एखादी छोटी गाडी घ्यायची का?"

इंटरनेटवर या प्रश्नाची उत्तरं भरपूर मिळतात. पण ती बहुतेक पुणे, मुंबई किंवा बंगळुरूचं ट्रॅफिक आणि पार्किंग डोळ्यांसमोर ठेवून दिलेली असतात. धाराशिव जिल्ह्याचं चित्र वेगळं आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास होती आणि त्यातले सुमारे १७ टक्के लोकच शहरी भागात राहत होते. खुद्द धाराशिव शहराची लोकसंख्या तेव्हा सव्वा लाखाच्याही आत होती.

मग जिथे मोठं शहरच नाही, तिथे 'सिटी कार'चा उपयोग काय? त्यावर खर्च केलेले पैसे वसूल होतात का?

छोटी म्हणजे नेमकी किती छोटी?

भारतात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या गाडीला साधारणपणे छोटी कार म्हणतात. इथे ज्या गाड्यांबद्दल बोलतोय, त्या याहून बऱ्याच लहान आहेत.

टाटा नॅनो सुमारे ३.१ मीटर लांब होती. २०२३ मध्ये आलेली एमजी कॉमेट ही इलेक्ट्रिक गाडी त्याहून लहान, म्हणजे २.९७ मीटर आहे. बजाजची क्यूट आणखी लहान, पावणेतीन मीटरची. तुलनेसाठी मारुतीची अल्टो के१० घेतली तर तिची लांबी ३.५३ मीटर आहे.

क्यूटला कायद्याने 'कार' म्हणत नाहीत. ती 'क्वाड्रिसायकल' या वेगळ्या वर्गात मोडते. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमध्ये तयार होणारी ही गाडी २०१९ मध्ये महाराष्ट्रात विक्रीला आली. तिचा कमाल वेग ताशी ७० किलोमीटर आहे.

आता रुंदी बघा. कॉमेट, नॅनो आणि अल्टो या तिन्ही गाड्या साधारण दीड मीटर रुंद आहेत. कॉमेट तर अल्टोपेक्षा किंचित रुंदच आहे. म्हणजे ज्या बोळात अल्टो शिरत नाही, तिथे कॉमेटही शिरणार नाही. फरक पडतो तो गाडी वळवताना आणि लावताना. कॉमेटला वळायला सुमारे ४.२ मीटरची त्रिज्या लागते, नॅनोला ४ मीटरची आणि अल्टोला साडेचारची. तुळजापूरला मंदिर परिसरातल्या गल्ल्यांमध्ये किंवा धाराशिवच्या जुन्या गावभागात हा अर्धा मीटर नक्कीच जाणवतो. पण त्यासाठी जास्तीचे लाखो रुपये मोजायचे का, हा प्रश्न उरतोच.

महाराष्ट्राला हे स्वप्न जुनंच

सामान्य माणसाची छोटी मोटार ही कल्पना नॅनोच्या खूप आधीची आहे. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी १९४० च्या दशकापासून 'मीरा' नावाची छोटी मोटार घडवायला घेतली. पुढची अनेक वर्षं ते तिच्यात सुधारणा करत राहिले. मीराचे वेगवेगळे नमुने रस्त्यावर धावले, पण कारखान्यात तिचं मोठं उत्पादन कधीच होऊ शकलं नाही.

नॅनोचं तसं झालं नाही. पावसात स्कूटरवरून जाणारं चौघांचं कुटुंब पाहून ही कल्पना सुचल्याचं रतन टाटा सांगत. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये गाडी दाखवली गेली आणि मार्च २००९ मध्ये ती बाजारात आली. ६२४ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन मागच्या बाजूला होतं. एक लाख रुपये या किमतीची तर जगभर चर्चा झाली. सुरुवातीच्या काही दिवसांतच दोन लाखांहून जास्त बुकिंग झालं.

पण पश्चिम बंगालमधल्या सिंगूरचा प्रकल्प त्याआधीच, ऑक्टोबर २००८ मध्ये सोडावा लागला होता. गुजरातमधल्या साणंदचा कारखाना २०१० मध्ये सुरू झाला. त्याची क्षमता वर्षाला अडीच लाख गाड्यांची होती, पण सगळ्यात चांगल्या वर्षातही विक्री ७५ हजारांच्या आतच राहिली. जून २०१८ मध्ये तर महिनाभरात एकच नॅनो तयार झाली आणि त्यानंतर हे पर्व संपलं.

याची कारणं अनेक सांगितली जातात. त्यातलं एक स्वतः रतन टाटांनीही बोलून दाखवलं होतं. 'सगळ्यात स्वस्त गाडी' हा शिक्काच नॅनोला महागात पडला. आपल्याकडे गाडी दारात उभी राहते ती चारचौघांना दिसावी म्हणूनही. सोयरिकीच्या बोलण्यात 'घरी चारचाकी आहे' हे वाक्य येतंच. लोकांना स्वस्त गाडी हवी होती, पण ती स्वस्त दिसायला नको होती.

जिल्ह्यातले रस्ते काय सांगतात?

धाराशिव जिल्ह्यात एकाच दिवसात तीन प्रकारचे रस्ते लागू शकतात आणि छोटी गाडी प्रत्येक रस्त्यावर वेगळी वागते.

पहिला रस्ता गावातला. शाळा, बाजार, बँक, दवाखाना असा हा दिवसाचा पाच-दहा किलोमीटरचा फेरा. इथे छोटी गाडी सोयीची ठरते. ती चटकन वळते, घरासमोर दोन मोटरसायकलींच्या जागेत मावते आणि नवीन चालवणाऱ्यालाही अंदाज लवकर येतो.

दुसरा रस्ता हायवेचा. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव-येडशी असा पुढे छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ आता चौपदरी आहे. नळदुर्ग आणि उमरगा पुणे-हैदराबाद महामार्गावर आहेत. इथे शेजारून ताशी शंभरच्या वेगाने मोठी वाहनं जातात. गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर असतात आणि अंधारात त्यातल्या कित्येकांना मागे दिवेही नसतात. बारा इंची चाकांची हलकी गाडी इथे चालते, पण ओव्हरटेक करताना दोनदा विचार करावा लागतो. सत्तरच्या पुढे न जाणारी क्यूट तर अशा रस्त्यासाठी नाहीच.

तिसरा रस्ता शेताचा. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पाणंदीत मोठमोठ्या गाड्या रुततात. लहान चाकांच्या गाडीने तिथे जाण्याची अपेक्षाच ठेवू नये. ज्यांचं घर वस्तीवर आहे आणि डांबरी रस्ता दारापर्यंत आलेला नाही, त्यांचा निर्णय बहुतेक इथेच होतो.

बसणार किती जण आणि सामान किती?

कॉमेटमध्ये चार जण बसतात, पण तिला दरवाजे दोनच आहेत. मागे बसायचं तर पुढची सीट सरकवून आत शिरावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या आजींसाठी हे सोपं नाही. त्यांना पुढे बसवलं तर बाकीच्यांनी मागे जायचं. चौघं बसल्यावर सामानाला जवळपास जागाच उरत नाही. मागच्या सीट पाडल्या तर सामान मावतं, पण मग माणसं दोनच.

नॅनोला चार दरवाजे होते आणि उंची चांगली असल्यामुळे आत बसायला ती ऐसपैस वाटायची. पण सुरुवातीच्या गाड्यांना मागून उघडणारी डिकी नव्हती. सामान मागच्या सीटवरूनच आत टाकावं लागे. ही सोय २०१५ च्या मॉडेलमध्ये आली.

शहरात याने फारसं अडत नाही. इथे मात्र गावाकडून येताना ज्वारीचं पोतं असतं, लग्नाचा बस्ता असतो, कधी गॅसचा सिलिंडर असतो. गाडी घेण्याआधी गेल्या महिन्यात घरातल्यांनी कुठे, किती जणांनी आणि काय घेऊन प्रवास केला, हे एकदा आठवून बघायला हवं.

सुरक्षिततेचं काय?

हा मुद्दा बऱ्याचदा शेवटी येतो. खरं तर तो आधी यायला हवा.

ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०१४ मध्ये नॅनोची क्रॅश टेस्ट घेतली. त्यात गाडीला शून्य स्टार मिळाले. त्या गाडीत एअरबॅग नव्हत्या. २०१६ मध्ये युरो एनकॅपने क्यूटला क्वाड्रिसायकलच्या चाचणीत पाचपैकी एक स्टार दिला. अल्टो के१० ला २०२३ मध्ये प्रौढांच्या सुरक्षेसाठी दोन स्टार मिळाले. त्यानंतर २०२५ मध्ये कंपनीने सगळ्या अल्टोंमध्ये सहा एअरबॅग द्यायला सुरुवात केली. कॉमेटमध्ये पुढे दोन एअरबॅग येतात.

"मोटरसायकलवर चौघं जाण्यापेक्षा तरी बरं ना?" हा युक्तिवाद खोटा नाही. ऊन-पाऊस लागत नाही, गाडी घसरून पडत नाही, लहान मूल हातातून सुटत नाही. गावातल्या तीस-चाळीसच्या वेगात हा फरक मोठा आहे. पण मोटरसायकलवरून सोलापूरला जायला जे कुटुंब कचरत होतं, तेच कुटुंब कार आल्यावर रात्रीही हायवेला निघतं. त्यामुळे गाडी कुठल्या रस्त्यावर जास्त धावणार आहे, यावर सुरक्षिततेला किती वजन द्यायचं ते ठरतं.

पैशांचं गणित: इथेच खरी मेख आहे

समजा, पाच लाखांत पेट्रोलची छोटी गाडी घेतली. दहा वर्षं वापरून दीड लाखाला विकली. म्हणजे वर्षाला ३५ हजार रुपये गाडीच्या किमतीतूनच गेले. विम्याचे सरासरी १२ हजार आणि सर्व्हिसिंगचे ६ हजार धरले तर एकूण ५३ हजार होतात. गाडी दारात नुसती उभी राहिली तरी यातला बराचसा खर्च होतोच.

पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि गाडीचं ॲव्हरेज २० धरलं तर किलोमीटरला सव्वापाच रुपये लागतात.

वर्षाला ३ हजार किलोमीटर गाडी चालली, म्हणजे रोजचे दहाच किलोमीटर, तर सगळा खर्च धरून किलोमीटर पडतो सुमारे २३ रुपयांना. हीच गाडी वर्षाला १२ हजार किलोमीटर चालली तर तोच खर्च दहा रुपयांच्या आत येतो. आपल्या गावात भाड्याच्या गाडीचा किलोमीटरचा दर काय आहे, हे विचारून या आकड्यांशी ताडून पाहता येतं. एसटीत महिलांना निम्मं तिकीट आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे, हेही हिशेबात धरायला हवं.

कर्ज काढलं तर व्याज वेगळं. चार लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साडेसहा हजारांच्या आसपास बसतो आणि सुमारे दीड लाख रुपये व्याजातच जातात. शेतीवर चालणाऱ्या घरात पैसा हंगामाला येतो, हप्ता मात्र दर महिन्याला जातो. सोयाबीनचे भाव पडले म्हणून बँक थांबत नाही.

इलेक्ट्रिक घेतली तर?

कॉमेटची बॅटरी १७.३ किलोवॅट-तासांची आहे. चार्ज होताना थोडी वीज वाया जाते, म्हणून एका फुल चार्जला २० युनिट धरू. युनिटला १० रुपये धरले तर २०० रुपये झाले. कंपनी एका चार्जमध्ये २३० किलोमीटर सांगते, पण रस्त्यावर एसी लावून १६० किलोमीटर मिळतील असं धरू. म्हणजे किलोमीटरला सव्वा रुपया. पेट्रोलपेक्षा चार रुपयांची बचत.

आता किमतीचा फरक बघा. २०२३ मध्ये कॉमेटची सुरुवातीची किंमत ७.९८ लाख होती. पुढे ती वरखाली होत राहिली, तरी बॅटरीसह गाडी साधारण साडेसात-आठ लाखांपासूनच सुरू होते, असं धरून चाला. दुसरीकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी सेससह २९ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्या आणखी स्वस्त झाल्या. इलेक्ट्रिक गाड्यांवर तो आधीपासूनच ५ टक्के होता. राज्यात इलेक्ट्रिक गाडीला रस्ता कराची माफी मिळते. हे सगळं धरूनही दोन्ही गाड्यांत तीन लाखांचा फरक राहतो, असं मानू.

रोज दहा किलोमीटर चालवणाऱ्याची वर्षाला १२ हजार रुपयांची बचत होईल. तीन लाख भरून निघायला २५ वर्षं लागतील. तोपर्यंत गाडी राहणार नाही.

मेख आहे ती हीच. गावातल्या ज्या छोट्या फेऱ्यांसाठी ही गाडी सगळ्यात सोयीची आहे, तेवढ्या फेऱ्यांत तिचे पैसे वसूल होत नाहीत. जितकं जास्त चालवाल तितका फायदा, पण लांबच्या हायवेवर ती तितकी सोयीची नाही.

मग मधला मार्ग आहे का? आहे.

अप-डाउन करणाऱ्यांसाठी हिशेब बदलतो

जिल्ह्यात शिक्षक, बँक कर्मचारी, नर्स, तलाठी असे रोज अप-डाउन करणारे हजारो लोक आहेत. धाराशिव ते तुळजापूर हे अंतर सुमारे २२ किलोमीटर. जाऊन-येऊन आणि थोडं इकडेतिकडे धरून ४५. वर्षातले ३०० दिवस धरले तर साडेतेरा हजार किलोमीटर होतात. बचत वर्षाला ५४ हजार. तीन लाखांचा फरक साधारण साडेपाच वर्षांत भरून निघतो.

कॉमेटच्या बॅटरीला आठ वर्षं किंवा १ लाख २० हजार किलोमीटर, यातलं जे आधी होईल तोपर्यंत वॉरंटी आहे. या वापराने आठ वर्षांत १ लाख ८ हजार किलोमीटर होतात. म्हणजे पैसे वॉरंटीच्या आतच वसूल होतात. दोघं मिळून जात असतील आणि पेट्रोलचा खर्च सध्या वाटून घेत असतील तर हिशेब पुन्हा मांडावा लागेल.

याला अट एक आहे. घरी स्वतःचं पार्किंग आणि चार्जिंगचा पक्का पॉइंट हवा. साध्या चार्जरवर गाडी पूर्ण चार्ज व्हायला सुमारे सात तास लागतात. रात्री वीज गेली तर सकाळी काय, याचं उत्तर आधीच तयार असलं पाहिजे. धाराशिवहून सोलापूरला जाऊन-येऊन १३० ते १४० किलोमीटर होतात. बॅटरी फुल असेल तर हे जेमतेम जमतं. पण दिवसभर चालवून आणलेली गाडी दारात उभी आहे आणि रात्री अचानक पेशंटला सोलापूरला न्यायची वेळ आली, तर ती गाडी उपयोगाची नाही. घरात दुसरी सोय नसेल तर हा मुद्दा पैशांपेक्षा मोठा आहे.

बॅटरी भाड्याने घेण्याचाही पर्याय २०२४ मध्ये आला. त्यात गाडी ४.९९ लाखांपासून मिळू लागली, पण किलोमीटरमागे सुरुवातीला अडीच रुपये भाडं होतं. विजेचे सव्वा रुपये धरले तर पावणेचार रुपये होतात आणि पेट्रोलपेक्षा बचत दीडच रुपया उरते. यात दर महिन्याला किमान किती किलोमीटरचे पैसे भरावेच लागतात, हे विचारल्याशिवाय सही करू नये.

जुनी नॅनो मिळतेय, घ्यायची का?

सेकंड हँड बाजारात अजूनही नॅनो दिसतात आणि किंमत ऐकून मोह होतो. चालवायला शिकण्यासाठी किंवा फक्त गावातल्या वापरासाठी ती वाईट नाही. पण आरसी बुकवरची तारीख आधी बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. २००९-१० च्या नॅनोंची ही मुदत संपलेली आहे. अशा गाडीची फिटनेस तपासणी करून पुन्हा नोंदणी करावी लागते. त्याचं शुल्कच पाच हजार रुपये आहे आणि पर्यावरण कर वेगळा. ही नोंदणी पाच वर्षांसाठी असते.

त्यामुळे व्यवहाराआधी नोंदणीचं नूतनीकरण झालंय का, विमा चालू आहे का आणि आपल्या गावातला मेकॅनिक ही गाडी दुरुस्त करायला तयार आहे का, हे तिन्ही विचारून घ्यावं. गाडी बंद झालेली असल्याने पार्ट मिळायला वेळ लागू शकतो. २०१५ नंतरची, डिकी उघडणारी गाडी मिळाली तर ती जास्त सोयीची.

थोडक्यात काय?

घरातली ही एकुलती एक चारचाकी असेल आणि सोलापूर, लातूर, पुण्याला जाणं नेहमीचं असेल, तर अतिछोट्या गाडीपेक्षा चार दरवाजांची, सहा एअरबॅगची साधी पेट्रोल किंवा सीएनजी गाडी जास्त कामाची.

रोजचं अप-डाउन ठरलेलं असेल, घरी चार्जिंगची सोय असेल आणि लांबच्या प्रवासाला दुसरा पर्याय असेल, तर छोटी इलेक्ट्रिक गाडी पैसे वसूल करून देते.

आणि गाडी महिन्यातून चार-पाच वेळाच लागणार असेल, तर आणखी एक वर्ष थांबून, गरजेला भाड्याची गाडी घेऊन, प्रत्येक फेरीचे पैसे एका वहीत लिहून ठेवणं चांगलं. वर्षाच्या शेवटी त्या वहीतली बेरीज पन्नास हजारांच्या बरीच खाली असेल, तर स्वतःची गाडी घेऊन त्या घराचे पैसे वाचणार नाहीत. मग सोय म्हणून गाडी घ्यायला हरकत नाही, पण ती सोय वर्षाला केवढ्याला पडतेय हे तरी घरातल्या सगळ्यांना माहीत असेल.